भर पावसात वाळत घातलेले बोंबील

आमच्या वॉर्डात माझ्या नावाचा एक सिमेंटचा बाक आहे. त्याच्या पाठीवर निळ्या रंगात माझं नाव आणि खाली 'यांच्या प्रयत्नाने' असं लिहिलं होतं. खाऱ्या वाऱ्याने नाव खाल्लं, 'यांच्या प्रयत्नाने' तेवढं शिल्लक ठेवलं. दुपारी त्यावर एक काळी कुत्री पसरलेली असते. बघणाऱ्याला वाटावं, प्रयत्न तिचेच.

हा बाक ज्या बागेत आहे, तिथे आधी आमचं खळं होतं. खळं म्हणजे मासळी सुकवायची जागा. डहाणूच्या खाडीकाठी आमच्या घरांसमोर ते सरळ पाण्यापर्यंत पसरलेलं. बांबू रोवून त्यांना दोर बांधायचे, दोरांवर बोंबील टांगायचे आणि खाली जमिनीवर जवळा पसरायचा. त्यातलं अर्धं खळं गेलं आणि ते मी घालवलं. दुसऱ्या कुणावर ढकलता आलं असतं तर मी कधीच ढकललं असतं, पण कागदावर सही माझी आहे.

तेव्हा मी चाळिशीच्या आतबाहेर होते. नगरपरिषदेच्या निवडणुकीत वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि आमच्या घरात सही करता येणारी बाई मीच होते. उमेदवारी मिळायला एवढं कारण पुरलं. निवडून मी आले आणि लोक हार घेऊन नवऱ्याकडे गेले. त्यालाच सगळे 'साहेब' म्हणायचे. मला काय म्हणायचं ते कुणाला सुचत नव्हतं, म्हणून 'वहिनी'वर भागलं.

तेव्हाच्या माझ्यातल्या त्या बाईचा मला आज राग येत नाही, हसू येतं. मासळीची पाटी तिने जावेच्या डोक्यावर दिली, स्वतः कडक इस्त्रीची साडी आणि काळी पर्स घेतली. पर्समध्ये काय होतं? रुमाल, कंगवा आणि शिक्का. हाताला वास येऊ नये म्हणून सभेच्या दिवशी ती लिंबाने हात घासायची. सभेत 'तत्त्वतः मान्य' म्हणायला शिकली आणि मग घरीही म्हणू लागली. सासूने विचारलं, भात टाकू का, तर ही म्हणते, तत्त्वतः टाका. सासू म्हणाली, "तांदूळ घालू की तत्त्व?"

वॉर्डात काय काय करायचं याची तिने यादी केली होती. पहिली कमान, दुसरी बाग, तिसरं कारंजं. नळाला पाणी एक दिवसाआड येत होतं आणि बाईसाहेबांना कारंजं हवं होतं. कुठल्याशा मोठ्या शहराच्या अभ्यासदौऱ्यावर तिने ते बघितलं होतं. मधोमध पांढरा हंस आणि त्याच्या चोचीतून पाणी. ती तिथे इतका वेळ उभी राहिली की बस तिला सोडून निघाली होती.

बागेला जागा हवी. जागेची पाहणी झाली ती आषाढात. आता आषाढात आमच्याकडे काय असतं? होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी विणायला घेतलेली असतात आणि खळ्यातले बांबू उपटून, पुसून घराच्या माळ्यावर चढवलेले असतात. पावसात बांबू उभे ठेवले तर बुडाशी कुजतात. ते परत रोवायचे नारळी पौर्णिमेला, दर्यात नारळ सोडून झाल्यावर. त्याआधी एक बांबूसुद्धा नाही. ही आमची रीत.

छत्री घेऊन अधिकारी आला. समोर चिखल, गवत आणि दोन म्हशी. त्याने लिहिलं, 'सदर जागा पाहणीच्या वेळी मोकळी होती.' मी कागद वाचला. कुणी फसवून सही घेतली असं सांगायची सोय मी ठेवलेली नाही. नीट वाचला, मान वर करून खळ्याकडे बघितलं. खरंच मोकळं होतं. बाईला आपल्या खरेपणाचा फार अभिमान. तिने ठसठशीत सही केली.

वैशाखात शेत उघडंबोडकं असतं, म्हणून कुणी त्याला रिकामं म्हणत नाही. डोंगराकडच्या गंजाड गावातल्या शेतकऱ्याला विचारलं असतं तर त्याने अधिकाऱ्याला शेताबाहेर काढलं असतं. आम्ही मात्र आपल्या हाताने बांबू माळ्यावर टाकले आणि आपल्याच हाताने लिहून दिलं की इथे काही नाही.

नवरा तेव्हा म्हणाला होता, "एक सही दे, बाकी सगळं पक्षवाले तुझं ऐकतील." माझं बाकी सगळं म्हणजे बाजारात बायकांना संडास आणि रोज पाणी. ते त्यांनी ऐकलं. ऐकून घेतलं आणि बसा म्हणाले.

बाग झाली. कारंज्याच्या उद्घाटनाला टँकर आणला होता. टँकर संपला, कारंजं संपलं. पुढच्या वर्षी जावेने हंसाच्या त्या कोरड्या टाकीत जवळा वाळत घातला. फरशी तापायची छान, जवळा दीड दिवसात कुडकुडीत. ती मला म्हणाली, "वहिनीबाई, तुझं कारंजं फार उपयोगाचं बघ." मी तेव्हा आठ दिवस तिच्याशी बोलले नव्हते. आता मीही तिथेच वाळवते.

पाच वर्षं संपली, पर्स उंदरांनी खाल्ली आणि मी पुन्हा पाटी उचलली. उरलेल्या अर्ध्या खळ्यावर तेव्हापासून आम्ही पस्तीस-चाळीस घरच्या बायका दाटीवाटीने बोंबील वाळवतो. तेच बोंबील पाटीत घालून मी आशागड, गंजाड आणि तलासरीच्या बाजारात बसले. पावसाळ्याआधी डोंगराकडच्या पाड्यांवरच्या बायका येतात, चार महिन्यांचं सुकं घेऊन जातात. भातलावणीच्या दिवसांत चुलीवर दुसरं काय असतं? तांदळाची भाकर आणि सुकटीचं तिखट. खळं गेलं तर नुसत्या आमच्या चुली विझत नाहीत, हे मला पाटी घेऊन बसल्यावर कळलं. खुर्चीत बसून कळलं नव्हतं.

आता आजची गोष्ट.

गेल्या आषाढात वॉर्ड पुन्हा बायकांसाठी सुटला आणि या वेळी माझी धाकटी सून उभी राहायची ठरली. ती माझ्यासारखी नाही. बचत गट चालवते, स्कूटर चालवते, नवऱ्यालाही चालवते. बाजारातल्या बायकांसाठी संडास हवा म्हणून ती दोन वर्षं अर्ज करते आहे. कामाची मुलगी. मी मनातून खूश होते, तोंडाने म्हटलं, "लिंबं आणून ठेवते."

ती म्हणाली, "लिंबं कशाला?"

"सभेला जाशील तेव्हा हात घासायला."

"माझ्या हाताला वास येतो तो येऊ दे त्यांना."

उत्तर मला आवडलं. मग एक दिवस पक्षाकडून मुंबईची एक मुलगी आली. खांद्याला लॅपटॉप, पायात पांढरे बूट. आमच्या गल्लीत पांढरे बूट घालून येणारीला मी शूरच म्हणेन. ती दिवसभर वॉर्ड फिरली, फोटो काढले आणि संध्याकाळी आमच्या ओटीवर बसून तिने यादी वाचली. वॉर्डाचे नऊ अग्रक्रम. पाणी रोज, गटारं झाकलेली, बाजारात बायकांसाठी संडास, रस्त्याला दिवे, मासळी उतरवायला धक्क्यावर शेड, असे आठ मुद्दे माझ्या सुनेचे होते. ते दोनपासून नऊपर्यंत. एक नंबरला लिहिलं होतं: 'खाडीकिनाऱ्याच्या मोकळ्या जागेवर पर्यटकांसाठी पार्किंग आणि सेल्फी पॉइंट.'

मी विचारलं, "कुठली ग मोकळी जागा?"

तिने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. आमचं खळं. पावसातलं. चिखल, गवत आणि म्हशी. म्हशी बदलल्या असतील, बाकी तोच फोटो.

"आज्जी, सुट्टीला इकडे किती गाड्या येतात," ती मुलगी म्हणाली. "सुरतेकडून येतात, मुंबईहून येतात. लावायला जागा नाही. ही जागा नुसती पडून आहे."

"पडून नाही. झोपलीय. नारळी पौर्णिमेला उठते."

ती गोड हसली. तिला वाटलं, म्हातारी कविता करतेय.

मी सुनेकडे बघितलं. ती यादीकडे बघत होती. मुलगी गेल्यावर मी विचारलं, "हे तू लिहिलंस?"

"नाही. आई, पहिला मुद्दा त्यांचा आहे. बाकीचे आठ माझे. तेवढं त्यांचं ऐकलं की तिकीट मिळतं आणि माझी आठ कामं होतात."

"मलाही असंच सांगितलं होतं."

"तुमच्या वेळची गोष्ट वेगळी होती."

"साडी वेगळी होती."

तिला राग आला. ती सहसा आवाज चढवत नाही, त्या दिवशीही चढवला नाही, पण बोलली ते अजून माझ्या कानात आहे. "आई, मी विचारून आले ऑफिसात. जागा सरकारी आहे, आपल्याकडे एक कागद नाही. आणि जो एकच कागद आहे ना, त्यावर लिहिलंय जागा मोकळी आहे. तो अर्ध्याचा नाही, अख्ख्या खळ्याचा आहे. खाली तुमची सही आहे. मी कुठल्या तोंडाने भांडू?"

बाग अर्ध्यावर केली होती, मोकळं मात्र मी सगळंच लिहून दिलं होतं. हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

"पाहणी कधी आहे?" मी विचारलं.

"पुढच्या सोमवारी. आचारसंहिता लागायच्या आत त्यांना प्रस्ताव पुढे पाठवायचाय."

म्हणजे नारळी पौर्णिमेच्या चांगले बारा दिवस आधी. पुन्हा छत्री, पुन्हा चिखल आणि पुन्हा 'सदर जागा मोकळी होती'. कुणी लबाडी करायचीसुद्धा गरज नाही. आमची रीतच आमच्याविरुद्ध साक्ष देणार.

रविवारी सकाळी मी माळ्यावरून बांबू खाली टाकायला सुरुवात केली. धाडधाड आवाज ऐकून जाऊ आली. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे.

"काय ग, घर पाडतेस?"

"बांबू रोवतेय."

"आज? नारळ सोडायच्या आधी?" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आपल्या सासूने कधी रोवला नाही, तिच्या सासूने रोवला नाही. दर्या कोपेल."

"दर्याशी मी बोलते. नगरपरिषदेशी तू बोल."

या दोघांत आधी कुणाशी बोलावं हा हिशोब तिने मनात केला असावा. मग म्हणाली, "पावसात बांबू कुजतील."

"कुजू देत."

"आणि नुसते बांबू बघून तो काय लिहील? बांबू आहेत, मासे नाहीत. मोकळंच झालं."

ही माझी जाऊ शाळेत गेली नाही. गेली असती तर माझ्या जागी ती नगरसेविका झाली असती आणि खळं शाबूत राहिलं असतं. तिचं म्हणणं बरोबर होतं. दोरावर बोंबील हवेत. पण श्रावणात बोंबील आणायचा कुठून? मासेमारी सुरू झाली नव्हती. घरात होते ते आमचेच, पावसाळ्यासाठी डब्यात भरून ठेवलेले सुके बोंबील.

मी डबा उघडला. जावेने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी मंगळसूत्र विकायला काढलंय.

ओले बोंबील वाळवायची आमची पद्धत सोपी आहे. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा, दात दातांत रुततात, जोडी दोरावर टाकायची. सुटत नाही. माझ्या लग्नात सासूने मला हीच जोडी दाखवून सांगितलं होतं, संसार म्हणजे हे, दोघांची तोंडं बंद झाली की टिकतो. पण एकदा सुकलेले बोंबील पुन्हा तसे अडकत नाहीत, जबडा तुटतो. म्हणून आम्ही सुतळी घेतली आणि ओटीवर बसून एकेक जोडी बांधली. मासा वाळवण्यासाठी नाही, भिजवण्यासाठी. असलं काम मी जन्मात केलं नव्हतं.

गल्लीतल्या बायका बघून गेल्या. एकीने विचारलं, डोकं फिरलं का. एकीने काही न विचारता आपला डबा आणून ठेवला. दुपारपर्यंत सहा डबे झाले. बाकीच्या दारातून बघत राहिल्या. चार महिन्यांचं कोरड्यास पावसात टाका असं त्यांना सांगायचा मला काय हक्क.

सोमवारी सकाळी झिमझिम पाऊस होता. जाऊ दोर धरून बसली, मी पहार घेऊन खड्डे करत होते. चिखलात पहार टाकली की खड्डा होतो आणि काढली की परत भरतो. सहावा बांबू तिसऱ्यांदा आडवा झाला तेव्हा मागून कुणीतरी तो धरला. सून होती. पदर कमरेला खोचलेला, चप्पल काढून हातात.

"आई, खड्ड्यात आधी खडी घाला. अशाने नाही राहणार."

"तुझ्या पक्षाची माणसं बघतील."

"बघू देत. धरा तुम्ही."

खडी आणायला ती बागेत गेली आणि माझ्या बाकाच्या पायाशी पसरलेली उचलून आणली. माझ्या प्रयत्नांचा तो पहिला खरा उपयोग.

अकराच्या सुमाराला अधिकारी आला. नवा, तरुण, भला वाटला. त्याच्या छत्रीत ती लॅपटॉपवाली. खळ्यावर बांबू उभे, दोर ताणलेले, दोरांवर जोडीजोडीने बोंबील आणि वरून पाऊस. बोंबील फुगले होते, पाणी गळत होतं, वास सुटला होता. मुंबईच्या मुलीने नाकाला रुमाल लावला.

अधिकाऱ्याने एक बोंबील बोटाने दाबून बघितला. मग मला म्हणाला, "मावशी, हे काय?"

"बोंबील वाळताहेत."

"पावसात?"

"आमच्याकडे असेच वाळतात. वेळ लागतो जरा."

जाऊ पदरात तोंड घालून हसत होती. अधिकाऱ्यालाही हसू आलं, त्याने ते दाबलं. म्हणाला, "मावशी, मला खरं लिहावं लागतं."

तेव्हा मी पुढे झाले. "खरंच लिहा. मीही एकदा खरं लिहून दिलंय, याच जागेचं. तुमच्या फाइलीत असेल. मोकळी आहे म्हणून. त्या दिवशी मोकळी होती ते खरं, आणि ती मोकळी नाही हेही खरं. मला तेव्हा एवढी अक्कल नव्हती. तुम्हाला असेल तर वापरा. नाहीतर डोळ्यांना दिसतंय तेवढं तरी लिहा."

त्याने सुनेकडे बघितलं. तिचं तिकीट कुणाच्या हातात आहे हे त्यालाही ठाऊक असणार. सून म्हणाली, "साहेब, ही सासूबाईंची जागा नाही, पस्तीस घरांची आहे. यादीतला एक नंबर मी खोडलाय. तिथे खळं लिहिलंय. खळं खळंच राहील आणि त्याचा कागद होईल."

लॅपटॉपवाली म्हणाली, "ताई, हे आपलं ठरलं नव्हतं."

"नव्हतं," सून म्हणाली. "आता ठरलं."

अधिकाऱ्याने छत्री मानेत अडकवली आणि लिहिलं. मी कागद मागून घेतला, चष्मा पुसला आणि दोनदा वाचला. लिहिलं होतं, 'पाहणीच्या वेळी पाऊस सुरू होता. जागेवर बांबू उभारून त्यावर बोंबील वाळत घातलेले आढळले. जागा मासळी सुकवण्यासाठी वापरात असल्याचे दिसून येते.' कुठल्याही सरकारी फाइलीत याच्याइतकं वेडगळ आणि याच्याइतकं खरं वाक्य नसेल. साक्षीदार म्हणून मी सही केली आणि खाली लिहिलं, माजी नगरसेविका. ते पद इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कामाला आलं.

बोंबील वाया गेले. सहा घरांचे सहा डबे. उरलेला पावसाळा आम्ही डाळीवर काढला आणि जाऊ रोज ताटाकडे बघून म्हणायची, "तत्त्वतः बोंबील आहे." नारळी पौर्णिमेला आम्ही दर्यात नारळ सोडला, तेव्हा मी दोन सोडले. एक नेहमीचा, एक माफीचा. दर्या कोपला नाही. त्याला घाई नसते, नगरपरिषदेलाच असते.

सुनेच्या तिकिटाचं अजून अडलं आहे. पक्षाची माणसं येतात, ओटीवर बसतात, चहा पितात आणि एक नंबर बदला म्हणतात. ती चहा देते. नाहीच मिळालं तर अपक्ष फॉर्म भरीन म्हणते. मला विचारते, "आई, तुमचं मत कुणाला?" मी सांगते, छापील यादी हातात आली की वाचीन आणि मग ठरवीन. तिला राग येतो. येऊ दे. न वाचता तिच्यावर विश्वास ठेवला, तर ते तिच्यासाठीच वाईट. माझ्यावर सगळ्यांनी न वाचता ठेवला होता.

खळ्यातले बांबू आता आम्ही पावसाळ्यातही काढणार नाही. यंदा त्यातले दोन बुडाशी कुजले. ते बदलायचं काम मी सुनेला देऊन ठेवलंय, निवडून आली तरी आणि पडली तरी.